‘कारणं सांगू नकोस’ म्हणण्याआधी

पालकहो, तुमच्या-माझ्या घरांत एक वाक्य रोज कितीदा तरी उच्चारलं जातं: ‘कारणं सांगू नकोस.’ मार्क कमी पडले, वही अपुरी राहिली, डबा तसाच परत आला, क्लासला उशीर झाला. मूल ‘अगं आई, झालं असं की...’ म्हणून सुरुवात करतं आणि आपण तिथेच त्याचं बोलणं तोडतो. मी तालुक्याच्या गावातल्या माध्यमिक शाळेत शिकवते. हे वाक्य मी पालकांच्या तोंडून ऐकते, शिक्षकांच्या तोंडून ऐकते, मुलांच्या आपापसातल्या भांडणातही ऐकते. आज त्याबद्दलच तुमच्याशी मनमोकळं बोलायचं आहे. मुलाला खरंच अडचण आली आहे की ते अंग काढून घेतंय, हे न पाहताच आपण निकाल देऊन टाकतो, आणि त्याची किंमत मूल पुढे कितीतरी वर्षं मोजत राहतं.

आमच्या शाळेत सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारं उत्तर म्हणजे ‘एसटी आली नाही’. वाड्यावस्त्यांवरची मुलं एसटीच्या पासावर शाळेत येतात. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून हा पास मोफत मिळतो. त्या पासामुळे प्राथमिक शाळा संपल्यावरही ज्यांचं शिक्षण सुटलं नाही अशा मुली मला रोज दिसतात. त्यांतली एखादी पहिल्या तासाला उशिरा येते, दारात उभी राहून म्हणते, ‘बाई, एसटी आली नाही.’ हे खरं कारण की सबब? नुसतं तिच्या तोंडाकडे पाहून मला ते कळत नाही, आणि कुणालाच कळणार नाही. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला तो २०२२च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. करोनानंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि गाड्या आगारात उभ्या होत्या. तेव्हा या वाक्यावर शंका घ्यायला जागाच नव्हती. मुलं पायी येत, दुधाच्या गाडीतून येत, एका मोटारसायकलवर तिघं-चौघं बसून येत. संप मिटला, गाड्या सुरू झाल्या, आणि काहींनी तेच वाक्य सवयीनं चालू ठेवलं.

फरक कळतो तो चौकशी केल्यावर. त्याच वस्तीवरची बाकीची मुलं वेळेवर आली का? गाडीला रोजच उशीर होतो की बाजाराच्या दिवशीच? रोज होत असेल तर त्या पोरीला वर्गाबाहेर उभं करून काय उपयोग? शाळेनं आगार व्यवस्थापकांना पत्र द्यायला हवं, गाडीची वेळ बदलून मागायला हवी, आणि ती बदलेपर्यंत पहिल्या तासाला गणित ठेवू नये. गाडी वेळेवर येऊन गेली असेल, तर घरातून निघायला उशीर का होतो हा पुढचा प्रश्न. तो शांतपणे, इतरांसमोर नव्हे तर बाजूला घेऊन विचारला की कधी कधी वेगळंच बाहेर येतं. आई पहाटेच मजुरीला गेलेली असते. धाकट्याचं आवरून, भाकरी थापून, पाणी भरून मग ही पोर निघालेली असते. एसटीची सबब खोटीच होती, पण तिच्यामागे एक खरं कारण दडलेलं होतं, आणि ते चारचौघींत सांगायची तिला लाज वाटत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलानं दिलेलं उत्तर कारण आहे की सबब, हे त्या उत्तरावरून ठरत नाही. त्यानंतर आपण काय विचारतो, काय तपासतो आणि दोघं मिळून काय करतो, त्यातून ते उघड होतं. लगेच विश्वास ठेवणारे आणि लगेच झिडकारणारे, दोन्ही पालक तपासायचं काम टाळतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण असते. त्यांना स्वतःचं कारण ठाऊकच नसतं. प्राथमिक शाळेच्या मधल्या वर्षांत बऱ्याच मुलांना चष्म्याचा नंबर लागतो. लांबचं एका दिवसात अंधूक होत नाही, हळूहळू होत जातं, म्हणून मुलाला वाटतं की फळा सगळ्यांना असाच दिसतो. ‘मला दिसत नाही’ हे त्याला सुचणार कुठून? वही अपुरी का, असं विचारलं की ते म्हणतं, ‘बाईंनी लवकर पुसलं’, ‘शेजारचा बोलत होता’, ‘हात दुखला’. ही सगळी हाताला लागतील ती उत्तरं. आपण ती ऐकतो, वैतागतो आणि म्हणतो की याला अभ्यासच नको. खरं तर त्याला पुढच्या बाकावर बसवून आठवडाभर वही पाहायची, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एक खेप घालायची, एवढंच काम असतं.

कानाचं त्याहून फसवं. सर्दी लांबली की काही मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं. पुष्कळदा दुखत नाही, कान वाहत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. ऐकू मात्र कमी येतं, आणि तेही एका आठवड्यात कमी, पुढच्या आठवड्यात बरं. मग आईची खात्री पटते की हा मुद्दाम करतोय. ‘खाऊचं नाव काढलं की बरोबर ऐकू येतं!’ हे वाक्य तुम्हीही म्हटलं असेल. जवळून, समोर बसून बोललेलं ऐकू येतं आणि पाठमोरं असताना स्वयंपाकघरातून मारलेली हाक येत नाही, एवढं जरी नीट पाहिलंत तरी डॉक्टरांना सांगायला मोठी माहिती मिळेल. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात डॉक्टरांचं पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करतं. त्या दिवशी मुलाच्या हातात पुढच्या तपासणीची चिठ्ठी मिळाली तर ती वाचा, आणि त्यांनी लिहिलेल्या दवाखान्यात खरोखर जा. दप्तराच्या तळाशी चुरगळून पडलेल्या अशा चिठ्ठ्या पाहिल्या की माझा जीव तुटतो.

मुलींच्या आयांना तर मला कळवळून सांगायचं आहे. वयात आलेली मुलगी ‘कंटाळा आला’, ‘पाय ओढतात’, ‘उठवत नाही’ म्हणते तेव्हा तिला आळशी म्हणायची घाई करू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. म्हणजे आमच्या दहावीच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुली थकलेल्या असतील तर त्यात नवल नाही. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात. पुष्कळ मुली ती खिडकीतून टाकून देतात. का टाकता, असं विचारलं तर म्हणतात, मळमळतं. ही सबब नाही, उपाशीपोटी लोहाची गोळी घेतली तर खरंच मळमळतं. म्हणून ती जेवणानंतर घ्यायची. प्रश्न विचारला म्हणून उत्तर मिळालं, उत्तर खरं मानलं म्हणून उपाय सापडला.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग प्रत्येक गोष्टीला काही ना काही कारण निघेलच. मग मुलाला जबाबदारी शिकवायची कधी?

हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर मला लिहिण्या-वाचण्यात विशिष्ट अडचण असलेल्या मुलांकडे पाहून सापडतं. ‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा घराघरांत कळलं की काही हुशार मुलांची अक्षरं उलटसुलट होतात, ती आळशी नसतात. पण आपल्या राज्यात त्याच्या खूप आधी, १९९६ पासून, अशा मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या होत्या. पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये या अडचणीला कायद्यानंही मान्यता मिळाली. ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयातून तपासणी होते, प्रमाणपत्र मिळतं आणि मग मुलाला जादा वेळ मिळतो, गरज असेल तर लेखनिक मिळतो. पण नीट पाहा, पेपर द्यावाच लागतो. लेखनिक लिहून घेतो, उत्तर मुलालाच सांगावं लागतं. अडचण मान्य झाली म्हणून काम माफ झालं नाही, ते करण्याची रीत तेवढी बदलली. मला वाटतं, घरातही हीच कसोटी पुरे. मुलानं सांगितलेलं ऐकून घेतल्यावर ‘बरं, मग आता हे कसं करू या?’ असं विचारायचं. खरी अडचण असलेल्या मुलाला या प्रश्नानं हायसं वाटतं, ते बोलू लागतं. ज्याला काम टाळायचंच आहे ते या प्रश्नावर चुळबुळतं आणि दुसरं काहीतरी सांगू लागतं.

दोन्ही एकत्र मिसळलेलंही असतं. आठवी-नववीतल्या मुलाला सकाळी उठवत नाही, ही तक्रार तुम्ही दरवर्षी करता. वयात येताना शरीराचं झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते असं तज्ज्ञ सांगतात. लहानग्यांच्या झोपेचा विचार करून आपल्या शासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मोठ्यांचं घड्याळ पुढे सरकतं हे कारण झालं. त्या सरकलेल्या घड्याळावर आणखी दीड तास मोबाईलवर रील्स पाहणं, ही मात्र निवड झाली. दोन्ही वेगळं काढून मुलाशी बोला. ‘तुला अकराच्या आधी झोप लागत नाही हे मला पटतं. फोन मात्र दहा वाजता हॉलमध्ये ठेवायचा.’ पहिलं वाक्य आधी आलं तर दुसरं त्याला ऐकू येतं.

काही सबबी मात्र घटना घडण्याच्या आधीच तयार केलेल्या असतात, आणि त्या हुशार मुलांकडे जास्त सापडतात. परीक्षेच्या सकाळी शाळेच्या पायरीवर उभे असलेले चेहरे आठवा. ‘माझं तर काहीच झालं नाहीये.’ ‘मी रात्री झोपूनच गेलो.’ काही जण खोटं सांगत असतात, पण काहींनी खरोखरच शेवटच्या दिवसांत पुस्तक बाजूला ठेवलेलं असतं. नापास झालो तर म्हणता येतं, अभ्यासच केला नव्हता. पास झालो तर काय, अभ्यास न करता पास! दोन्हीकडून हुशारीला धक्का लागत नाही. १९७८ साली स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींना न सुटणारी कोडी दिली आणि तरीही ‘तुम्ही फार छान सोडवलीत’ असं सांगितलं. मग दुसरी चाचणी होण्याआधी दोन गोळ्या समोर ठेवल्या: एक बुद्धी तल्लख करणारी, दुसरी मंद करणारी, असं सांगून. ज्यांना आपलं यश का मिळालं हे कळलं नव्हतं, त्यांतल्या अनेकांनी, विशेषतः मुलग्यांनी, मंद करणारी गोळी निवडली. पुढच्या अपयशाची तजवीज त्यांनी स्वतःच करून ठेवली.

हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा आपल्या घरांतली ‘माझा बाळ किती हुशार’ ही वाक्यं माझ्या कानांत घुमू लागली. ज्या मुलाला आपण फक्त हुशार म्हटलेलं असतं, त्याला ते हुशारपण जपायचं असतं, आणि जपायचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे जीव तोडून प्रयत्न न करणं. त्याऐवजी ‘तू ते प्रमेय चार वेळा लिहून काढलंस म्हणून आज जमलं’ असं सांगितलं तर त्याला आपलं यश कुठून आलं ते कळतं. उद्या अपयश आलं तरी ते कुठून आलं ते शोधायची त्याला भीती वाटत नाही.

भीतीचा विषय निघालाच आहे तर तो टाळून चालणार नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मारणं आणि मुलाचा मानसिक छळ करणं, दोन्ही बंद केलं. घरात मात्र तो कायदा पाहायला कुणी येत नाही. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली या दोन संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधली तीन-चार वर्षांची मुलं त्यांनी पाहिली. एका शाळेत मुलांना मार बसत असे, दुसरीत समज दिली जाई. मुलांना खोलीत एकटं बसवून, मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही असं सांगितलं. बघितलं बहुतेकांनी, दोन्ही शाळांतल्या. पण मार बसणाऱ्या शाळेतली बहुतेक मुलं त्याबद्दल खोटं बोलली, आणि तेही त्या वयाच्या मानानं फार सफाईनं. मारानं आज्ञाधारकपणा आला नव्हता, बेमालूम खोटं बोलणं तेवढं आलं होतं. हे वाचून मला आपल्या शाळेतली ती मुलं आठवली, ज्यांच्या सबबी इतक्या पक्क्या असतात की उलटतपासणीतही तुटत नाहीत. एवढी तयारी एका दिवसात होत नाही. खरं सांगितल्यावर काय होतं याचा अनुभव त्यांनी आधी पुरेसा घेतलेला असतो.

म्हणून मूल पहिल्यांदा स्वतःहून खरं सांगतं, ‘बाबा, मी पेपर कोरा दिला, मला काही येतच नव्हतं,’ तेव्हाचं तुमचं वागणं त्याच्या पुढच्या अनेक वर्षांच्या बोलण्याची दिशा ठरवतं. राग येईल, येऊ द्या. पाणी प्या, अंगणात फिरून या. पण त्याला हे कळलं पाहिजे की खरं सांगितल्यामुळे त्याची शिक्षा वाढली नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे आपण मुलांना ऐकवतो, पण मोठी माणसंही अंगणाला नावं ठेवतातच. ‘आमच्या घराण्यातच गणित नाही, मलाही कधी जमलं नाही’ हे वाक्य पालकसभेत मुलासमोर हसत हसत म्हटलं जातं. त्या क्षणी मुलाला आयुष्यभर पुरेल एवढी सबब वारशानं मिळते. २०१५ मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीतल्या मुलांचा अभ्यास झाला होता. ज्या आईवडिलांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे मुलांचा गणिताचा गृहपाठ वारंवार घेत, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली. तुम्हाला गणिताची भीती वाटत असेल तर ती मुलासमोर घराण्याचा गुण म्हणून मांडू नका. ‘हे उदाहरण मलाही पटकन कळलं नाही, उद्या तू बाईंना विचार आणि मला येऊन समजावून सांग,’ असं म्हणा. तसं म्हणणारे वडील मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या मुली फळ्यावर गणित सोडवायला बिनधास्त पुढे येतात.

दुसरी गोष्ट रजेच्या अर्जाची. मराठीच्या तासाला आम्हीच मुलांना रजेचा अर्ज लिहायला शिकवतो. मामाच्या लग्नाला किंवा गावच्या जत्रेला चार दिवस गेलेलं मूल परत येतं तेव्हा त्याच्या हातातल्या अर्जात ‘ताप आल्यामुळे शाळेत हजर राहू शकलो नाही’ असं लिहिलेलं असतं, आणि खाली पालकांची सही. त्याच मुलाच्या हातावर मेंदी असते, बोटाला अजून हळद लागलेली असते. आम्हाला कळतं, तुम्हालाही माहीत असतं की आम्हाला कळतं, आणि मधे उभं असलेलं मूल दोघांकडे पाहत शिकत असतं की मोठी माणसं अशी बोलतात. त्याच घरात महिन्यानं ते वह्यांबद्दल खोटं बोललं की त्याला मार बसतो.

लग्नाला नेलंत याचा मला राग नाही. नात्यातल्या लग्नाला मूल गेलंच पाहिजे, जत्रेत पालखी बघितलीच पाहिजे, ते शिक्षणच आहे. अर्जात तसंच लिहा: ‘माझ्या भावाचं लग्न असल्यामुळे मुलाला सोबत नेलं होतं.’ तसा अर्ज आला तर मी हजेरीपटावर गैरहजेरी मांडीन, कारण तो गैरहजर होता. आणि बुडालेला भाग कुणाच्या वहीतून लिहून घ्यायचा, कुठली दोन उदाहरणं घरी सोडवायची, ते त्याच अर्जाच्या पाठीमागे लिहून त्याच्याबरोबर परत पाठवीन.